आक्काचे गुरुवारचे फोटो

आक्काच्या गालावरची सूज मी पहिल्यांदा बघितली ती कॉम्प्युटरच्या पडद्यावर, आणि बघितल्या बघितल्या पुसून टाकली.

आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी, चांद्याला दिलेली. माझं सासर तिथून जवळच, सूसला. तिथं आमचा लहानसा फोटो स्टुडिओ आहे. नवरा लग्नं, साखरपुडे करायला बाहेर असतो आणि दुकानात मी बसते. पासपोर्टचे, व्हिसाचे, शाळेच्या ओळखपत्रांचे फोटो दिवसभर चालू असतात. सोसायटीतले लोक दारातून डोकावून "भैया नहीं है क्या?" विचारतात आणि मीच काढणार म्हटल्यावर केस नीट करायला लागतात. काढलेल्या प्रत्येक चेहऱ्यावर ब्रश फिरवायचा, ही माझ्या हाताची सवय. मुरूम, डाग, डोळ्यांखालचं काळं. लोकांना तेच हवं असतं.

आक्काच्या नातीचा पाचवा वाढदिवस होता. चांद्याला घरासमोर मांडव घातला होता, केक होता. मी घरचेच म्हणून पन्नासेक फोटो काढले. त्यातला एक चांगला आला होता. आक्का खुर्चीवर बसलेली, नात मांडीवर, दोघींच्या कपाळाला एकाच आकाराची टिकली. दुसऱ्या दिवशी दुकानात तो मोठा करून बघितला तर आक्काचा उजवा गाल खाली, जबड्यापाशी, जरा भरलेला दिसत होता. गालात काही धरलं असेल असं मला वाटलं. मी दोनदा ब्रश फिरवला. गाल डाव्यासारखा झाला. फोटो छापला, फ्रेम केली आणि पाठवून दिली.

त्यानंतर तीन महिन्यांनी तिला भाकरीचा घास घेण्याएवढं तोंड उघडेना, तेव्हा भाच्यानं तिला दवाखान्यात नेलं. तुकडा काढून तपासला. कॅन्सर निघाला. मोठ्या डॉक्टरांनी विचारलं, "सूज कधीपासून आहे?" आक्का दाजींकडं बघायला लागली, दाजी भाच्याकडं. मी दाराशी उभी होते. मला माहीत होतं. माझ्या कॉम्प्युटरमध्ये तारखेसकट होतं. मी तोंड उघडलं नाही.

आक्का मिश्री लावायची. आमच्या घरातल्या सगळ्याच बायका लावायच्या. तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची, चुरायची, डबीत भरायची आणि सकाळी, दुपारी, शेरडांमागं हिंडताना बोटानं दातांवर फिरवायची. मलाही तिनंच शिकवलं होतं, मी दहा वर्षांची असताना. माझी सुटली ती लग्नानंतर, नवऱ्याला वास आवडायचा नाही म्हणून. यात माझी काही हुशारी नव्हती. दाजींना वास येतच नसावा, किंवा येत असला तरी त्यांनी आक्काला कधी काही म्हटलं नाही.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी ती दुकानात आली. एकटीच, सहा आसनी रिक्षानं. काखेत पिशवी. आत आली आणि पासपोर्टच्या स्टुलावर बसली.

"फोटू काढ," ती म्हणाली.

"कसला? दवाखान्यात लागतोय का?"

"दवाखान्यात कशाला लागतुया. माजा काढ. एकलीचा."

मला कळलं होतं, तरी मी म्हटलं, "बरी होऊन ये, मग काढू की."

"बरी हुईन तवा हुईन. हे तोंड ऱ्हातंय का तवा?" तिनं पिशवीतून घडीचं लुगडं काढलं. "आन् तुला म्हाईत हाय तू काय करतीस ते. मानूस मेल्यावर त्याला लोकाच्या लग्नातनं कापून काढतीस. मी बगितलंय की. खांद्यावर दुसऱ्याचा हात तसाच ऱ्हायलेला. मला न्हाई तसलं पायजे."

ती म्हणत होती ते खरं होतं. आमच्याकडं माणूस गेल्यावर घरचे येतात, कुठल्या तरी लग्नाचा गटातला फोटो घेऊन. त्यातलं गेलेल्याचं डोकं मी कापते, मागं निळा रंग भरते, पुरुष असेल तर कोट चढवते. आक्काचाही एकटीचा फोटो नव्हताच. कुणाच्या तरी बाजूला, नाहीतर मांडीवर कुणाचं तरी पोर, नाहीतर काखेत करडू.

पडद्यामागं जाऊन ती लुगडं बदलून आली. पदर डोक्यावर घेतला, परत खाली घेतला. मी दिवे लावले. कॅमेऱ्यातून बघितलं तर मला काहीच धड दिसेना.

"रडतीयास व्हय गं तिकडं?"

"नाही."

"मग काढ की. का गिऱ्हाईक आसल्याबिगर बटण दाबत न्हाई तुजं?"

मला हसू आलं आणि तीही हसली. आयुष्यभर फोटोत ती ओठ मिटून बसायची, काळे दात दिसू नयेत म्हणून. त्या दिवशी विसरली. सूज असून जेवढं उघडेल तेवढं तोंड उघडून हसली. मी बटण दाबलं. नंतर अजून दहा काढले, पण तिला पडद्यावर दाखवल्यावर तिनं तोच निवडला. "बाकीच्यात मी भ्यालेली दिसतीया," म्हणाली. मग जरा वाकून बघत, "दात तेवढं पांढरं कर." मी हो म्हटलं.

ऑपरेशन दिवसभर चाललं. उजव्या बाजूचा जबडा काढला, छातीचं मांस काढून गालाला लावलं. नाकातून नळी होती. तिला वॉर्डात आणलं तेव्हा भाचा बाहेर जाऊन जिन्यात बसला. चौथ्या दिवशी तिनं मला हातानं खूण केली, आरसा. मी म्हटलं, इथं आरसा नाही. तिनं माझ्या हातातल्या मोबाईलकडं बोट केलं. मोबाईल उलटा केला की स्वतःचं तोंड दिसतं, हे तिला नातीनं शिकवलेलं.

मी द्यायला नको होता. अजूनही मला तसंच वाटतं. पण आक्काला नाही म्हणायची मला सवय नव्हती. तिनं तो धरला आणि बघत राहिली. बराच वेळ. रडली नाही, चेहऱ्यावर काही हललंही नाही, हलण्यासारखं तिथं उरलं नव्हतं. मग मोबाईल पालथा करून चादरीवर ठेवला आणि भिंतीकडं वळली.

घरी आल्यावर ती पदर आडवा धरून बसायला लागली. एक टोक दातात धरायची तिची जुनी सवय, पण आता दातात धरता येईना, म्हणून हातानंच धरायची, दिवसभर. बोलणं म्हणावं असं राहिलं नव्हतं. काही शब्द मला कळायचे, थोडे सुनेला. दाजींना कळत नव्हते, किंवा ते कळून घ्यायला तेवढा वेळ तिच्या तोंडाकडं बघत नव्हते. सकाळी शेरडं सोडायचे आणि दिवस बुडायला परत यायचे. पूर्वी ती दोघं मिळून शंभरावर मेंढरं राखायची. आता डोंगराच्या पायथ्यापर्यंत सोसायट्यांच्या भिंती आल्यात, मेंढरं कधीच गेली, अकरा शेरडं राहिली होती. अकरा शेरडांना दिवसभर कुठं हिंडवत होते कोण जाणे.

आणि नात भ्यायची. तिला सहावं लागलं होतं. आधी आजीच्या पाठीवरून उतरायची नाही ती. आता आजी ज्या खोलीत असेल तिच्या दारावरून पळत पुढं जायची, तोंड दुसरीकडं करून. सून तिला रागवायची, ओढून आणायची, तर किंचाळायची. आक्का हात हलवून सांगायची, सोड, सोड तिला.

विजेचे शेक, म्हणजे रेडिएशन, झाले. दोन महिने जरा बरे गेले. मग गळ्यापाशी गाठ आली आणि लावलेलं मांस एका कडेनं उकलायला लागलं. डॉक्टरांनी भाच्याला आणि मला आत बोलावलं. आता परत कापण्यात अर्थ नाही, म्हणाले. घरी ठेवा, दुखणं कमी राहील एवढं बघू.

दुखण्याचं बघायला घरी एक नर्सबाई यायच्या. पंधरा दिवसांतून एकदा. मलम कसं लावायचं, गोळ्या कुटून नळीतून कशा द्यायच्या ते त्यांनी सुनेला शिकवलं. जाताना मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "ताई, तुम्ही फोटोचं काम करता ना? दर आठवड्याला जखमेचा एक फोटो मला पाठवाल का? जवळून, उजेडात. म्हणजे मधल्या काळात औषध बदलायचं का ते डॉक्टरांना ठरवता येईल."

गुरुवारी आमच्याकडं लाईट जाते, दुकान बंद असतं. म्हणून मी गुरुवारी जायला लागले. सूसवरून नांद्याच्या रस्त्यानं, स्कूटीवर, डिकीत कॅमेरा. आक्काला दाराजवळ उजेडात बसवायचं, सुनेनं पट्टी सोडायची, मी जवळ जायचं. पहिल्या दिवशी मला उलटी आली. वासानं नव्हे, वास तर होताच. कॅमेऱ्याच्या चौकटीत नुसती जखम दिसत होती. कडा, रंग, पू. माझी बहीण त्यात कुठंच नव्हती, आणि मी ते बघून फोकस नीट करत होते, हात न हलवता. हात हलला नाही म्हणून मला उलटी आली असावी. मागं जाऊन तोंड धुतलं आणि परत आले. आक्का तशीच मान वळवून बसलेली, मला बरं पडावं म्हणून.

तिसऱ्या का चौथ्या गुरुवारी फोटो काढून झाला, मी कॅमेरा पिशवीत ठेवायला लागले, तर तिनं माझं मनगट धरलं. दुसऱ्या हातानं हवेत चौकोन काढला. मोठा. डोक्यापासून पायापर्यंत.

"काय? पूर्ण काढू?"

तिनं मान हलवली. मग मोठ्या कष्टानं बोलली, एकेक शब्द. "जखमंचाच... काढतीस. माजा... काढ."

सून तेव्हा पट्टी बांधत होती. आक्कानं तिला थांबवलं. पदर खाली घेतला, खांद्यावर नीट लावला. अंगणात शेरडांच्या गोठ्याशी जाऊन उभी राहिली, पाठ ताठ करून. नाकात नळी, गालाच्या जागी ते. मी मागं सरकत सरकत गेले, ती सगळी मावेपर्यंत. तिच्या मागं डोंगर होता आणि डोंगराच्या अलीकडं अर्धवट उभ्या बिल्डिंगचा जाळीचा पडदा. तो फोटो तिनं कॅमेरा हातात घेऊन बघितला. मोबाईलसारखा पालथा नाही केला.

तेव्हापासून दर गुरुवारी दोन फोटो व्हायचे. एक नर्सबाईंना, एक तिचा. कधी चुलीपाशी, कधी पायरीवर, कधी नुसती झोपलेली. ती सांगायची कुठं ते. भाचा मला म्हणाला, "मावशी, काढ तू, पन कुठं टाकू नकोस हां. स्टेटसला वगैरे." त्याच्यावर मी चिडले, पण त्याची चूक नव्हती. दाजींचं मात्र बिनसलं. एकदा गुरुवारी ते घरीच होते, ओसरीत बसून शेरडांसाठी दावं वळत होते. मी आक्काला पायरीवर बसवत होते तर तिथूनच ओरडले.

"बास कर की गं. जित्या मानसाचं काय हाल मांडलंय तुमी. दुकान हाय का ह्ये?"

"तिलाच काढायचाय, दाजी."

"तिला काय कळतंय आता!"

आक्कानं ऐकलं. तिला सगळं ऐकू येत होतं, सगळं कळत होतं. ती दाजींकडं बघत राहिली आणि दाजी दाव्याकडं. मी त्या क्षणी बटण दाबलं. मुद्दाम दाबलं, रागानं.

पावसाळा सरता सरता एका गुरुवारी मी ओसरीवर कॅमेऱ्यातले फोटो चाळत बसले होते. नात मागून येऊन माझ्या खांद्यावरून बघायला लागली. तिला कळलं नव्हतं आधी. कळलं तेव्हा मागं सरली. मग परत आली. कॅमेऱ्याच्या त्या तीन बोटांच्या काचेत आजी एवढीशी होती, तिची भीती वाटण्यासारखी नव्हती.

"धाकले आजी, ह्ये मोठं हुतं का?"

मी तिला बटण दाखवलं. ती स्वतःच मोठं करायला लागली, एकदा दाबायची, थांबायची, मग परत. डोळे झाले, नाक झालं, नळी झाली. मग गाल. तिथं बोट ठेवलं काचेवर.

"हितं दुकतं का तिला?"

"दुखतं."

"लई?"

"गोळी दिल्यावर कमी दुखतं."

"मी पडले तवा माझा गुडगा आसाच झालता. आसाच लाल."

तिनं सगळे बघितले. पुढच्या गुरुवारी मी गेल्या गेल्या कॅमेरा मागितला आणि परत सगळे बघितले. त्याच्या पुढच्या गुरुवारी कॅमेरा माझ्या मांडीवर ठेवून उठली आणि खोलीत गेली. मी मागोमाग गेले नाही, दारातच थांबले. ती खाटेपासून हातभर लांब उभी होती. आक्कानं सवयीनं पदर वर ओढला. नात म्हणाली, "ऱ्हाऊ दे. मी बगितलंय." मग जवळ गेली आणि खाटेवर चढून बसली, डाव्या बाजूला. काही वेळानं आक्काचा हात तिच्या पाठीवर आला.

तेव्हा माझ्याजवळ कॅमेरा नव्हता. ओसरीवर होता, चार पावलांवर. मला आणता आला असता.

त्याच दिवशी मी आक्काला सांगितलं. नात खेळायला गेली होती. मी खाटेजवळ खाली, तिच्या पायाशी बसले आणि म्हटलं, वाढदिवसाच्या फोटोत मला गाल सुजलेला दिसला होता. मी तो पुसला. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा गप्प बसले. तीन महिने आधी कळलं असतं तर.

ती छताकडं बघत होती. मला वाटलं ती आता तोंड फिरवेल भिंतीकडं, दवाखान्यात फिरवलं तसं. तिनं तिच्या गालाकडं बोट केलं, मग स्वतःच्या छातीकडं, आणि पाच बोटं दाखवली. मला कळलं नाही. परत तेच केलं. मग तोंडानं म्हणाली, "म्हयनं. आदीच."

वाढदिवसाच्या आधी पाच महिने. तिला माहीत होतं. तिला आधीपासून आत लागत होतं आणि तिनं कुणाला सांगितलं नव्हतं.

"का नाही सांगितलंस गं?" मी ओरडलेच तिच्यावर. मरणाऱ्या माणसावर.

तिनं हात उताणा केला. का ते तिलाही सांगता येत नव्हतं. घरात सुनेचं बाळंतपण होतं, धाकटा नातू झाला आणि गेला तेव्हा, शेरडांवर रोग आला होता, कुणी सांगावं. मग तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि लहानपणी उवा बघायची तसे केसांतून बोटं फिरवत राहिली. मला हलकं वाटलं नाही. दोघींच्या आठ महिन्यांची बेरीज तेवढी झाली माझ्या मनात. पण हात काढू नये असं वाटत होतं.

नर्सबाईंनी शेवटच्या भेटीत सांगितलं की गळ्याची मोठी रक्तवाहिनी गाठीत आली आहे. एखाद्या दिवशी एकदम रक्त येऊ शकेल, थांबणार नाही, फार वेळही लागणार नाही. घरात गडद रंगाचे टॉवेल आणून ठेवा, म्हणाल्या. पांढऱ्यावर रक्त फार दिसतं, माणूस घाबरतं. मी हिंजवडीच्या दुकानातून चार टॉवेल आणले, तपकिरी. दुकानातला मुलगा हिंदीत विचारत होता, दीदी, गुलाबी में भी है, दिखाऊँ? आक्कानं ते टॉवेल घडी करून उशाशी ठेवलेले बघितले आणि एकाला हात लावून बघितला, कापड कसं आहे ते. कशाला आणले ते विचारलं नाही.

तो गुरुवारचा फोटो शेवटचा. ती खाटेवर बसलेली, नात मागं उभी राहून तिचे केस सोडवतेय.

शनिवारी सकाळी मी दुकानात एका बाईंच्या व्हिसाचा फोटो काढत होते. कान दिसले पाहिजेत, हसायचं नाही, असं सांगत होते. भाच्याचा फोन आला. मी पोचले तेव्हा सगळं झालं होतं. आक्काला बाहेर घेतलं होतं, सुनेनं तोंड पुसून स्वच्छ केलं होतं. दाजी भिंतीला टेकून बसले होते आणि त्यांचा सदरा, धोतर, हात कोपरापर्यंत, सगळं वाळलेल्या रक्ताचं. कुणी त्यांना उठवू शकलं नव्हतं.

लोक जमले. लांबच्या नात्यातला एक जण माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "ताई, एक फोटो घ्या तोंडाचा. मुंबईची मंडळी पोचत नाहीत. तुम्ही तर फोटोग्राफरच." मी नाही म्हटलं. मग त्यानं स्वतःचा मोबाईल काढला, आणि त्याला बघून आणखी दोघांनी. मी आक्काच्या तोंडावर ओणवी झाले. काय ओरडले ते मला आठवत नाही. सून सांगते की मी शिव्या दिल्या. मोबाईल खिशात गेले. पदरानं तोंड झाकून तिला नेलं.

दहाव्याला फोटो हवा होता. भाचा म्हणाला, मावशी, आईनं काढून घेतलेला तुझ्याकडं आहे ना. मी तो उघडला. दात पांढरे करायचं मी कबूल केलं होतं. केले. माझं रोजचं काम, दोन मिनिटं लागली. आणि पडद्यावर कुणी वेगळीच बाई बसली, आक्काच्या लुगड्यात. मी ते सगळं उलटं फिरवलं. तिला दिलेला शब्द मोडला आणि काळ्या दातांसकट छापला. दहाव्याला कुणाच्या ते लक्षातही आलं नाही. सगळे म्हणाले, कशी हसतीया बघा.

महिन्याभरानं दाजी दुकानात आले. ते सूसला कधी यायचे नाहीत. दाराबाहेर चपला काढल्या. दुकानात चपला काढायची गरज नसते.

"त्ये गुरवारचं फोटू," ते म्हणाले. "हायेत का पुसलंस?"

"आहेत."

"दाव."

मी त्यांना माझ्या खुर्चीवर बसवलं, स्वतः स्टुलावर बसले. जखमेचे वगळून बाकीचे लावायला लागले, तर म्हणाले, "सगळं दाव." मी सगळे लावले. पहिल्या गुरुवारपासून. जखम दिसली की ते पुढं वाकायचे आणि बघायचे, खरोखर बघायचे, मग मान हलवून "पुढं" म्हणायचे. मधे गिऱ्हाईक आलं, मी त्याला नंतर ये म्हटलं. तो पायरीवरचा फोटो आला, ज्यात ती दाजींकडं बघतेय आणि दाजी दाव्याकडं. मला वाटलं, हा पटकन पुढं न्यावा. त्यांनीच थांबवलं.

"मला बगवत नव्हतं गं," ते म्हणाले. "त्वांड बगितलं की माजं काळीज हालायचं. तिला वाटलं आसंल, किळस करतुया."

"नाही दाजी, तिला तसं..."

"वाटलं आसंल," ते म्हणाले.

मग नातीचा, केस सोडवतानाचा फोटो आला. मी म्हटलं, हा शेवटचा. त्यापुढं नाहीत.

दाजी पडद्याकडं बघत बसले. तसेच बोलायला लागले, माझ्याकडं न बघता, हळू. शुक्रवारी ते शेरडं घेऊन गेलेच नाहीत. तिनंच हातानं सांगितलं होतं, जाऊ नका. मग दिवसभर खाटेशी बसले. दुपारी तिला उन्हात आणलं. एक शेळी व्यायली होती, तिचं करडू आक्काच्या मांडीवर ठेवलं, ते तिथंच मुतलं आणि ती हसली. हसली म्हणजे आवाज आला, गळ्यातनं. शनिवारी सकाळी रक्त आलं तेव्हा घरात ते दोघंच होते. सून नातीला शाळेत सोडायला गेलेली, भाचा कामावर. दाजींनी टॉवेल लावला, तो भरला, दुसरा लावला. डोकं मांडीवर घेतलं. तिनं डोळे उघडे ठेवले होते, त्यांच्याकडं.

"तवा बगितलं म्या," ते म्हणाले. "सारा येळ. तिनं डोळं मिटूस्तवर तिकडंच बगत व्हतो."

मग विचारलं, "किती येळ लागला आसंल गं? नर्सबाई काय म्हनली हुती?"

"दहा-पंधरा मिनिटं म्हणाल्या होत्या."

"तेवडाच," ते म्हणाले. "लई न्हाई झाला."

ते उठले. शेरडं कुणाच्या तरी भरवशावर सोडून आले होते. मी म्हटलं, चहा घ्या. नको म्हणाले. फोटो छापून देऊ का विचारलं. "नगं," म्हणाले, "हितंच ऱ्हाऊ दे. मी यीन." आणि चपला घालून बस थांब्याकडं गेले.

ते येतात. बहुतेक गुरुवारीच, दुकान बंद असतं तेव्हा. लाईट नसते, कॉम्प्युटर चालत नाही. मी कॅमेराच काढून देते, त्या लहानशा काचेत ते बघतात. मोठं करायचं बटण त्यांना अजून जमत नाही, ते मी दाबते.